मशीन चालू होतं, चित्र येत नाही

तामलवाडी
३ डिसेंबर २०२४

चि. हर्षाली,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचा असतो. तू घेशील की नाही कळेना, म्हणून ती ओळ सोडली.

पत्ता शेजारच्या उत्कर्षनं दिला. त्याच्यावर रागावू नकोस. मी आधी नंबरच मागितला होता. तो म्हणाला, "काका, नंबर द्यायचा न्हाय असं ताईनं बजावलंय. पत्त्याबद्दल काय बोलली न्हाय ती." म्हणून पोस्टात जाऊन पाकीट आणलं.

काम छोटं आहे. घर आवरायला काढलंय. तुझा जुना कॉम्प्युटर त्याच टेबलावर आहे, आईच्या जुन्या साडीखाली झाकलेला. पडून राहण्यापेक्षा कुणाला तरी द्यावा म्हणतो. पण बंद वस्तू कशी देणार? म्हणून चालू करून पाहिला. बटण दाबलं की पंखा फिरतो, पुढचा हिरवा दिवा लागतो. मग आतून एक लांब आवाज येतो आणि त्यामागून दोन बारके. मॉनिटरचा दिवा पिवळा राहतो आणि पडदा काळा तो काळाच. वायरी हलवून पाहिल्या, पिना पाहिल्या, दुसऱ्या बोर्डावरून लाइन देऊन पाहिली. इतकी वर्षं वायरमनकी केली, डीपीतला फॉल्ट खांबाखाली उभा राहून सांगायचो. इथं डोकं चालत नाही. तू हुबळीला हेच काम करतेस असं उत्कर्ष म्हणाला. काय झालं असेल ते लिहून कळव.

घरी सगळं ठीक. आई बरी आहे. तिचा उजवा हात जरा धरलाय, म्हणून तिनं दोन ओळी लिहिल्या नाहीत. भाकरी हल्ली मीच थापतो. कडा फाटतात, पण पोटात गेल्यावर कोण बघतं. वेशीजवळची गजराबाई सकाळी येऊन आईची वेणीफणी करून जाते. कॉट पुढच्या खोलीत आणलीय, म्हणजे मोरी जवळ पडते.

माझीही तब्येत बरी. पाय तेवढे लवकर दमतात.

उत्तर दिलंस तर बरं. नाही दिलंस तरी समजून घेईन.

बब्रुवान
(अण्णा लिहिलं होतं, खोडलं.)


हुबळी
१२ डिसेंबर २०२४

अण्णा,

एक लांब आणि दोन बारके म्हणजे मशीनला डिस्प्ले कार्ड सापडत नाही. तुम्हाला आवाज ऐकू आला ते बरं. मी दुकानात आतल्या छोट्या स्पीकरवर बोट ठेवून मोजते.

आधी लाइनची वायर काढा. डब्याचं बाजूचं झाकण उघडा. आत पाल असेल, हात घालण्याआधी बघा. मॉनिटरची वायर ज्या कार्डला लागते त्याचा एकच स्क्रू आहे. तो काढून कार्ड सरळ वर ओढा, वाकडं ओढू नका. खाली सोनेरी दात दिसतील. त्यांच्यावर शाळेतलं खोडरबर फिरवा. पाणी, रॉकेल काही लावू नका. परत बसवताना दोन्ही टोकांना दाबून बसवा. शेजारी रॅमची उभी पट्टी आहे, तिलाही तसंच करा.

मॉनिटर उघडू नका. लाइन काढली तरी आत करंट धरून राहतो. तुम्हाला माहीत आहे. तरी लिहिते.

आता दुसरं. तुम्ही भाकरी थापता. कॉट पुढच्या खोलीत आणली. गजराबाई आईची वेणी घालते. आई कुणाला केसांना हात लावू देत नाही, मलाही देत नव्हती. आईला काय झालंय? आणि कॉम्प्युटर कुणाला द्यायचा आहे? उत्कर्षला विचारलं तर तो इकडचं तिकडचं लिहितो.

खरं लिहा.

हर्षाली


तामलवाडी
२१ डिसेंबर २०२४

चि. हर्षाली,

कुणालाच द्यायचा नाही. आईसाठी चालू करायचा आहे.

कोजागरीच्या वेळी सोलापूरहून तुळजापूरला चालत जाणाऱ्यांना आई दरवर्षी रस्त्याच्या कडेला चहा देते, तुला ठाऊक आहे. यंदाही पातेलं घेऊन उभी होती. एका बाईला कप देताना तिच्या हातातून कप निसटला. ती खाली बघत राहिली आणि तशीच बसली. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. चालणाऱ्यांपैकीच कुणीतरी गाडी थांबवली आणि आम्ही सोलापूर गाठलं. जीव वाचला. उजवा हात आणि पाय गेला. पायात आता थोडी धुगधुगी आहे, धरून चालवलं तर मोरीपर्यंत येते. बोलणं गेलं.

सगळं नाही गेलं. एक शब्द राहिला. "अजून." पाणी हवं असलं तरी अजून, दुखलं तरी अजून, मला हाक मारायची तरी अजून. गजराबाई पहिल्या दिवशी तिला भात वाढतच राहिली. डॉक्टर म्हणाले, कधीकधी जिभेला फार सवयीचा असलेला एखादाच शब्द मागं राहतो. ही सवय कुठली हे त्यांना मी सांगितलं नाही. तू माईकपुढं बसायचीस, तुझ्या तोंडून आवाज निघाला की पडद्यावरचा फुगा वर जायचा, दमलीस की खाली यायचा, आणि आई शेजारी बसून म्हणत राहायची, अजून, अजून. ऐकू न येणाऱ्या पोरीला आपला आवाज डोळ्यांनी दिसतो, असं सोलापूरच्या संस्थेतल्या बाईंनी सांगितलं होतं म्हणून आपण तो प्रोग्राम आणला होता.

तुला कळवायचं ठरवलं होतं. दवाखान्यात तुझं नाव काढलं तर आईनं डाव्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं. मी समजलो, सांगू नका म्हणते. ती दुसरंही काही म्हणत असेल. आता तिचं काय खरं समजायचं तेच कळत नाही.

दवाखान्यात बोलणं शिकवणाऱ्या राजेश्वरी मॅडम आहेत. लहान वयाची बाई, पण मायाळू. त्या मोबाईलवरचं काहीतरी दाखवत होत्या. आईनं मोबाईल बाजूला सारला. घरी आल्यापासून ती त्या टेबलाकडं बोट दाखवते. सकाळी, दुपारी, जेवताना. बोट दाखवते आणि म्हणते, अजून. म्हणून मॅडमना विचारलं, जुनं मशीन आहे, आवाजाचं, चालेल का? त्या म्हणाल्या, "चालू होत असेल तर बघा काका. पण त्यांना दमवू नका." म्हणून तुला लिहिलं.

तू सांगितलंस तसं केलं. आत पाल नव्हती, तिची अंडी होती. कार्ड काढून खोडरबरनं घासलं. आता एकच बारका आवाज येतो आणि मॉनिटरचा दिवा हिरवा होतो. पण पडदा काळाच. पूर्वी हा मॉनिटर चालू झाला की हात जवळ नेल्यावर हाताचे केस उभे राहायचे. आता काही नाही. म्हणजे त्याच्यातच लाइन चढत नाही. उघडला नाही.

सोलापूरला खाजाभाईच्या दुकानात गेलो. जुनं सामान ठेवतो तो. म्हणाला, "काका, जाने दो. ह्ये मशीन भंगारवाला बी उचलनार न्हाय. नवीन घ्या."

मी म्हणालो, "नव्यावर तो प्रोग्राम चालत न्हाय. विचारून झालंय."

"कसला प्रोग्राम?"

"बायकोला बोलायला शिकवायचंय."

तो आत जाऊन एक चपटा मॉनिटर घेऊन आला, पुसला आणि माझ्या पिशवीत घातला. "लावून बघा. न्हाय चालला तर आणून द्या," म्हणाला.

एस.टी.त तो मांडीवर धरून आणला. लावला. पांढरी इंग्रजी अक्षरं आली! एक जागी थांबली, एफ-वन दाबा असं लिहिलेलं होतं, दाबलं. मग ते निळं आभाळ आणि ढग आले. आईला समोर खुर्चीत बसवलं होतं. ढग दिसले तशी ती पुढं सरकली. आणि पडदा काळा झाला. मधोमध एक चौकोन फिरायला लागला, त्यात लिहिलेलं, आउट ऑफ रेंज. आई माझ्याकडं बघून म्हणाली, अजून. बंद करून पुन्हा चालू केलं. ढग, मग काळा. पुन्हा केलं. पुन्हा तेच. ती म्हणत राहिली आणि मी करत राहिलो. शेवटी वायर काढून टाकली आणि तिथंच जमिनीवर बसलो. लई थकलो गं.

ह्यावर काही उपाय असेल तर लिही. सोमलिंगवरून आपल्यात जे झालं त्याबद्दल आज काही लिहीत नाही.

अण्णा


हुबळी
३१ डिसेंबर २०२४

अण्णा,

पत्र वाचून दोन दिवस दुकानात गेले नाही.

मशीनचं आधी सांगते. ढग दिसतात, म्हणजे कार्ड आणि मॉनिटर दोन्ही ठीक आहेत. विंडोज चालू झालं की ते जुन्या मॉनिटरच्या हिशोबानं जोरात चित्र पाठवतं. चपट्याला तेवढा वेग झेपत नाही. चालू करून एफ-वन दाबलं की लगेच एफ-आठ दाबत राहा. ढगांच्या आधीच दाबायचं. काळ्या पडद्यावर यादी येईल. त्यात सेफ मोड निवडा. चित्र मोठं आणि भुरकट येईल, घाबरू नका. माय कॉम्प्युटरवर उजवं बटण, मग प्रॉपर्टीज, मग डिव्हाइस मॅनेजर. तिथं मॉनिटरच्या ओळीखाली जुन्याचं नाव असेल. ते निवडून रिमूव्ह करा आणि मशीन पुन्हा चालू करा. नवा मॉनिटर ते आपोआप शोधेल. काही विचारलं तर एंटर. तारीख चुकीची दाखवेल, आतला सेल संपलाय, ते सोडून द्या. चालू मशीनला माऊस काढू-घालू नका.

आईला त्या पडद्यासमोर बसवू नये असं मला वाटतं. फुगा खाली आला की मला वाटायचं, आई आता उठून जाईल. ती कधी गेली नाही. पण मला वाटायचं. ते तुम्ही दोघांनी पाहिलं नाही, कारण तुम्ही फुग्याकडं बघत होता.

मी बोलायला शिकले. इथं बाजारात बोलले की माणसं दोनदा बघतात. घरी सोमलिंगशी मी हातानं बोलते आणि तो माझ्याकडं एकदाच बघतो.

तुम्ही म्हणाला होतात, दोन बहिरी एका घरात, दार वाजलं तर उघडणार कोण? आमच्याकडं बेल दाबली की घरातला दिवा लागतो.

आईचा उजवा हात रोज गरम पाण्यानं शेका. बोटं मुठीत वळू देऊ नका.

हर्षाली


तामलवाडी
११ जानेवारी २०२५

चि. हर्षाली,

आला. पडदा आला.

एफ-आठ पहिल्यांदा उशिरा दाबलं, दुसऱ्यांदा जमलं. भुरकट चित्र आलं. माझा चष्मा आणि ती बारीक इंग्रजी, नाव शोधायलाच वेळ गेला. काढून टाकलं, पुन्हा चालू केलं, दोनदा एंटर मारलं. आणि ढगांच्या पुढं तो हिरवट पडदा आला, त्यावर तुझी सगळी चित्रं जागच्या जागी. मी एकटाच हसलो. गजराबाई परसातून म्हणाली, "काय झालं वो, लाइट आली का?"

आईला आणून बसवलं. फुग्याचा खेळ लावला. माईकवर धूळ होती, पुसली. मी आधी "हो" म्हणून दाखवलं, फुगा वर गेला. मग माईक तिच्यापुढं धरला.

ती काही बोलली नाही. फुग्याकडं तिचं लक्षच नव्हतं. मी म्हणालो, "कमल, बोल की. ह्येच पायजे हुतं ना तुला?" एवढे दिवस त्या मशीनमागं घातलेले, सोलापूरचे हेलपाटे, सगळं माझ्या डोक्यात चढलं. मी ओरडलो तिच्यावर. "बोल! अजून! अजून!" असंच म्हणालो, तिचाच शब्द. फुगा माझ्या आवाजानं पार वर जाऊन फुटला.

ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं डावा हात उचलला आणि पुन्हा तसंच बोट दाखवलं. ह्या वेळी मी तिच्या बोटाच्या रेषेत डोळा नेऊन बघितलं. बोट पडद्याकडं नव्हतं. टेबलाखाली तुझं लाकडी स्टूल सरकवून ठेवलेलं आहे, त्याच्याकडं होतं.

मी स्टूल ओढून बाहेर काढलं. तिनं त्याच्यावर हात ठेवला. आणि म्हणाली, अजून.

मी बाहेर जाऊन एस.टी.च्या थांब्यावर बसून राहिलो. दोन गाड्या आल्या, गेल्या. कंडक्टरनं विचारलं, "येताय का काका?" म्हटलं, न्हाय.

तुला ये म्हणत नाही. काय झालं ते लिहिलं. मशीन बंद करून वर साडी टाकली. स्टूल बाहेरच आहे, आत सरकवलं तर ती चिडते.

एक विचारायचं होतं. बेल दाबली की दिवा लागतो, ते सर्किट कुणी केलं? बेलच्या वायरीवर रिले टाकलाय का? आणि मोरीत असलं तर दिवा दिसतो का? दोन ठिकाणी लावायला पाहिजे.

हात शेकतो रोज. बोटं उघडी राहतात.

अण्णा


तामलवाडी
१९ फेब्रुवारी २०२५

चि. हर्षाली,

तुम्ही दोघं हुबळीला सुखरूप पोचलात असं उत्कर्षनं सांगितलं. तू इथं होतीस तेव्हा माझं तुझ्याशी धड बोलणंच झालं नाही, म्हणून लिहितो. तुझं लक्ष आईकडं, आणि मी काही म्हणायला तोंड उघडलं की तू माझे ओठ वाचायला वळायचीस आणि तेवढ्यात मला सुचेनासं व्हायचं.

तू दारात आलीस तेव्हा आईनं तुला आधी ओळखलंच नाही असं मला वाटलं. नंतर कळलं, तिला रडता येत नव्हतं, अर्धं तोंड साथ देत नाही. तू मात्र तिच्या तोंडाकडं बघितलंच नाहीस. सरळ तिची मूठ उघडून बघितलीस.

दुसऱ्या दिवशी मी मशीन लावलं ते चुकलं का, मला माहीत नाही. मला वाटलं, तू आहेस तर बोलेल. मी म्हणालो, "तू सांग तिला, तुझं ऐकल." आणि तू ओरडलीस, "आईला दमवू नका!" एवढा मोठा आवाज, गजराबाई धुणं टाकून आली.

मी म्हणालो, "तुला हे असं ओरडता येतंय ते तिनंच शिकिवलंय."

"व्हय," तू म्हणालीस. "शिकिवलंय. आन् मी दमत हुते. रोज दमत हुते."

तुझं बोलणं आईसारखं आहे, हेल पण तिचाच. एवढ्या वर्षांत मी ते ऐकलं नव्हतं. किंवा ऐकलं असेल, लक्ष गेलं नव्हतं.

तू पाठ फिरवून परसात निघालीस. आई हाक कशी मारणार? तिनं डाव्या हातानं टेबलावर थाप मारली. मग दुसरी, जोरात. फरशीतून तुझ्या पायाला लागली असेल, तू वळलीस. आईनं स्टूल दाखवलं. तू बराच वेळ उभी राहिलीस. मग येऊन बसलीस आणि मला दूध आणायला पाठवलंस.

मी तुला माईक दिला नाही, तूच घेतलास. असा काही "आ" लावलास की फुगा वर जाऊन तिथंच थांबला. आई हसली. अर्धंच, पण हसली. मग तू तिचा डावा हात घेऊन आपल्या गळ्यावर ठेवलास, लहानपणी ती तुझा हात आपल्या गळ्यावर ठेवायची तसा. आणि तिच्या तोंडून एक आवाज निघाला. शब्द नव्हता. पण "अजून" पण नव्हता. फुगा इवलासा हलला. तू तिला आणखी एकदा कर म्हणाली नाहीस. मशीन बंद केलंस आणि चहा ठेवायला गेलीस. मी शेजारी असतो तर म्हणालो असतो. म्हणूनच बहुतेक तू मला दुधाला पाठवलं होतंस, पण मी दारातूनच परत फिरून बघत होतो.

सोमलिंगबद्दल. माणूस आला, जेवला, आणि ताट उचलून मोरीत ठेवलं. मग मशीन उघडून मला बोटानं दाखवलं, कपॅसिटर फुगलेत. वहीवर लिहिलं, "हे किती दिवस चालतील सांगता येत नाही." मी माझी सोल्डरिंगची पेटी आणली. जुन्या टीव्हीच्या बोर्डावरचे तसलेच काढले. तो धरायचा, मी डाग द्यायचो. त्याला कथिल जास्त लागतं असं मला वाटतं, मला कमी लागतं असं त्याला वाटत असावं. दुपार गेली त्यात. मग त्यानं बेलचं सर्किट काढून दाखवलं. रिले आहे, आणि मोरीतही दिवा आहे. मी उगाच काळजी केली.

त्याला माझ्याकडून काय सांगायचं ते मला नीट सुचत नाही. पुढच्या वेळी आला की तो बोर्ड पुन्हा उघडू असं सांग. एक डाग मला पसंत नाही.

जाताना तू आईला हातानं काही शब्द शिकवून गेलीस. पाणी, दुखतंय, उठव, नको. "नको" तिला लगेच जमलं. दिवसभर मला नको, नको चाललंय. डाळ नको, गोळी नको, बातम्या नको. इतके दिवस तिला काय काय नको होतं, ते आता कळतंय.

अण्णा


तामलवाडी
६ एप्रिल २०२५

चि. हर्षाली,

आता नंबर आहे, रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल होतो, मग पत्र कशाला, असं तू म्हणशील. पण त्या कॉलमध्ये मी कुठं असतो? मी मोबाईल धरून उभा. आईच्या हाताला मोबाईल पेलत नाही, टेकवून ठेवला तर घसरतो. तेव्हा धरायचं काम माझं. हात भरून येतो. जरा हलला की आई डोळे वटारते. पडद्यावर तू दिसतेस, तुझी बोटं भराभरा चालतात, इकडून आईचा एकच हात. तुम्ही काय बोलता ते मला कुणी सांगत नाही.

तब्येतीचं लिहितो. राजेश्वरी मॅडम म्हणाल्या, सुधारणा आहे, पण फार आशा धरू नका आणि सोडूही नका. आईला आता "बा" म्हणता येतं आणि "चा" म्हणता येतं. बाकी हातानं. काठी घेऊन अंगणापर्यंत जाते. मी मागं चालतो. माझंच गुडघ्याचं दुखणं वाढलंय, तिनं सांगितल्यावर दाखवून आलो. म्हणजे सांगितलं नाही, माझ्या गुडघ्याकडं बोट दाखवलं आणि दाराकडं दाखवलं. एवढं मला कळतं.

मशीन कधी चालू होतं, कधी नाही. परवा पुन्हा एक लांब, दोन बारके. कार्ड काढून घासलं, चाललं. आई आठवड्यातून एखाद्या वेळी बसते, मनात आलं तर. मी ये म्हणत नाही.

राहिलेलं एक काम आहे. तू जे हाताचे शब्द शिकवतेस, ते मला कागदावर काढून पाठव. कोणतं बोट कुठं, हात कुठल्या बाजूनं फिरवायचा, सगळं. सर्किट काढून पाठवतात तसं. सोमलिंगला काढायला सांग, त्याची रेष सरळ येते. माझी बोटं पकड धरून धरून जाड झालीत, आणि ह्या वयात नवीन काही डोक्यात शिरायला वेळ लागतो. दमतो लवकर. पण दिवसभर इथं तिच्यासमोर मीच असतो, आणि तिला संध्याकाळपर्यंत वाट बघावी लागते.

आणि काल आईनं माझ्याकडं बोट केलं, मग हात गालाजवळ नेऊन असा गोल फिरवला, आणि तुला काहीतरी म्हणाली. तू एवढी हसलीस की मागून सोमलिंग बघायला आला. मग तुम्ही तिघं हसलात. मी मोबाईल धरून उभा.

काय म्हणाली ती?

अण्णा